मुलाला खेळायला पाठवण्याआधी: "तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि किल्ली कुठे असते?"

रानजाई
धागा काढू की नको असं दोन दिवस चाललं होतं. शेवटी काढतेच आहे.

आम्ही डॅलसच्या उपनगरात राहतो, सात वर्षं झाली. मुलगा नऊ वर्षांचा. शनिवारी तो गल्लीतल्याच मित्राकडे खेळायला गेला होता. घर ओळखीचं आहे, माणसं चांगली आहेत, मुलाची आई मला शाळेच्या रांगेत रोज भेटते. संध्याकाळी जेवताना लेक सहज म्हणाला, "आई, त्याच्या डॅडकडे खरी गन आहे. कपाटात वर शूबॉक्समध्ये. त्याने मला बॉक्स दाखवला, उघडला नाही." वरणभात कालवत होता, मान वर न करता बोलला आणि पुढे फुटबॉलचं काहीतरी सांगायला लागला. माझा घास हातातच राहिला.

रात्री टेक्सासचा कायदा शोधून वाचला. दंडसंहितेचं ४६.१३ हे कलम १९९५ पासून आहे. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली आणि ती सुरक्षित ठेवण्यात मोठ्या माणसाने गुन्हा ठरावा इतका निष्काळजीपणा केलेला असला, तर शिक्षा. नुसती हाती लागली तर ५०० डॉलरपर्यंत दंड. मुलाने ती झाडली आणि कोणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं तर एक वर्षापर्यंत कैद. त्यातच एक पोटकलम आहे. बंदूक झाडणारं मूल त्याच कुटुंबातलं असेल आणि ते मूलच मेलं किंवा गंभीर जखमी झालं असेल, तर पोलीस त्या कुटुंबातल्या माणसाला सातव्या दिवसाआधी अटक करू शकत नाहीत. घरात माती झालेली असेल म्हणून दिलेली ती मुदत. ते वाचल्यावर मी लॅपटॉप मिटला.

म्हणजे कायदा आहे, पण तो येतो मागाहून. माझा प्रश्न आधीचा आहे. पुढच्या शनिवारी लेक पुन्हा जायचं म्हणतोय. त्या आईला मी काय विचारू आणि कसं? तुमच्यापैकी कोणी विचारलंय का?

नेहमीची_वाचक
बाई गं. अंगावर काटा आला. मी तर सरळ पाठवणंच बंद करीन. आपल्या लोकांच्या घरी पाठव, तिथे असलं काही नसतं.

पक्या_ह्यूस्टन
असतं. माझ्याकडे आहे. दोन आहेत.

आमचं गॅस स्टेशन आहे, रात्री अकराला गल्ला बंद करून मी एकटा निघतो. एकदा अंगावर प्रसंग आलाय, त्यावर इथे लिहीत नाही. त्यानंतर परवानगी, प्रशिक्षण सगळं रीतसर करून पिस्तूल घेतलं. माझ्यासारखे गुजराती, तेलुगू, पंजाबी, मराठी दुकानदार या शहरात खूप आहेत. तेव्हा 'आपल्या घरी नसतं' या भरवशावर कोणी राहू नये.

रानजाई, तुमची काळजी मला पूर्ण पटते. शूबॉक्स म्हणजे हद्दच झाली. माझी पद्धत सांगतो: गोळ्या काढलेल्या, पिस्तूल आकड्यांच्या कुलुपाच्या तिजोरीत, तिजोरी भिंतीला बोल्टने आवळलेली, गोळ्या दुसऱ्या खोलीत वेगळ्या डब्यात कुलूपबंद. आणि मुलीला सात वर्षांची असल्यापासून शिकवलंय: दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला सांगायचं.

मात्र सरकारने माझ्या बेडरूममध्ये येऊन काय कुठे ठेवायचं ते सांगावं, हे मला मान्य नाही. रात्री दोनला दार फोडलं तर मी कुलुपाशी झटत बसायचं का?

बालरोग_बाई
न्यू जर्सीत लहान मुलांची डॉक्टर आहे. घाईत लिहिते, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पक्या, तुमची तिजोरी उत्तम. 'मुलीला शिकवलंय' यावर मात्र अवलंबून राहू नका, हे हात जोडून सांगते. २००१ मध्ये 'पीडियाट्रिक्स' मासिकात एक प्रयोग छापून आला होता. ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटाने एका खोलीत सोडलं. खणांत पाण्याची पिस्तुलं होती आणि एक खरं, गोळ्या नसलेलं पिस्तूल. आरशापलीकडून संशोधक बघत होते. ४८ मुलांना ते सापडलं. त्यातल्या १६ जणांनी चाप ओढला. खरं की खेळण्यातलं, हे सापडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना नीट कळलंच नाही. आणि ज्यांनी हाताळलं त्यांच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांना बंदुकीच्या धोक्याबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं.

दुसरी पाहणी २००६ ची, अलाबामातल्या ग्रामीण दवाखान्यातली. घरात बंदूक असलेल्या आईबापांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं. "आमच्या मुलाला जागा माहीत नाही" असं सांगणाऱ्या आईबापांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांनी जागा बरोबर सांगितली.

माझ्या दवाखान्यात मी प्रत्येक तपासणीला विचारते. सायकलवर हेल्मेट घालतो का, गाडीत सीट आहे का, घरात बंदूक आहे का, कुलूप आहे का. एकाच दमात, एकाच स्वरात. फ्लोरिडात २०११ मध्ये डॉक्टरांनी हे विचारू नये असा कायदा केला होता, २०१७ मध्ये अपील न्यायालयाने त्यातली विचारण्यावरची बंदी रद्द केली. गंमत बघा असं म्हणवत नाही, पण मुलांच्या हाती बंदूक लागू नये म्हणून मालकाला जबाबदार धरणारा देशातला पहिला कायदाही फ्लोरिडाचाच, १९८९ चा. असे कायदे केलेल्या पहिल्या १२ राज्यांचा अभ्यास १९९७ मध्ये आला. १५ वर्षांखालच्या मुलांचे अपघाती गोळीने होणारे मृत्यू तिथे अपेक्षेपेक्षा २३ टक्क्यांनी कमी झाले होते.

आणि फक्त लहान पोरांचा विचार करू नका. मोठ्या, वयात आलेल्या मुलांचा जास्त करा. त्या वयात मनाची एक वाईट वेळ येते आणि बहुतेकदा ती जाते. ती जाईपर्यंत मधे कुलूप असणं म्हणजे काय, ते मी पाहिलं आहे. तुमच्या घरात कोणी अशा वेळेतून जात असेल तर बंदूक काही काळ घराबाहेर ठेवा, आणि त्या मुलाशी बोला, मदत घ्या.

२०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयोगटाच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. गाडीचे अपघात मागे पडले.

हार्टफर्डची_मावशी
रानजाई, शूबॉक्स वाचून मला गिलफर्ड आठवलं. आमच्या कनेटिकटमधलं गाव.

जानेवारी २०१८. इथन साँग, पंधरा वर्षांचा, मित्राच्या घरी तिथल्याच पिस्तुलाची गोळी लागून गेला. मित्राच्या वडिलांची पिस्तुलं बेडरूमच्या कपाटात प्लास्टिकच्या डब्यात होती. त्यांना कुलपं होती. कुलपाच्या किल्ल्या आणि गोळ्या त्याच डब्यात. हे वाक्य मी त्या वेळी पेपरात तीनदा वाचलं. कुलूप, किल्ली, गोळी, सगळं एका डब्यात, स्वयंपाकघरात आपण डाळ ठेवतो तसल्या.

वडिलांवर खटला उभा राहिला नाही. तेव्हाचा कायदा फक्त *भरलेली* बंदूक मोकळी ठेवण्याबद्दल होता, आणि ती डब्यात भरलेली होती हे दाखवता येत नव्हतं. इथनचे आईवडील विधिमंडळात गेले, पुन्हा पुन्हा गेले. १ ऑक्टोबर २०१९ पासून 'इथन्स लॉ' लागू झाला: भरलेली असो वा रिकामी, १८ वर्षांखालचं मूल पोहोचू शकेल अशा जागी असेल तर कुलूपबंदच पाहिजे. एका शब्दाने केवढा फरक पडतो.

टेक्सासचं कलम अजून 'भरलेली' वरच अडलेलं आहे, तुम्ही लिहिलंय त्यावरून.

रानजाई
हो, 'लगेच झाडता येईल अशी', म्हणजे भरलेली. त्या शूबॉक्समध्ये गोळ्या शेजारी ठेवलेल्या असतील तर हे कलम लागत नाही बहुतेक.

मावशी, किल्लीचं वाचून झोप उडाली. मी 'कुलूप आहे का' एवढंच विचारणार होते.

मिशिगनवाला
किल्लीवरच बोलायचं तर आमच्या ऑक्सफर्डचं सांगतो. मी त्या भागात नोकरीला होतो.

३० नोव्हेंबर २०२१, ऑक्सफर्ड हायस्कूल. पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारलं. पिस्तूल बापाने चारच दिवस आधी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी विकत आणलेलं. खटल्यात दोन गोष्टी पुढे आल्या त्या माझ्या डोक्यातून जात नाहीत. पिस्तुलासाठीचं केबल लॉक घरात सापडलं ते प्लास्टिकच्या पाकिटात, न फोडलेलं. आणि घरातल्या दुसऱ्या बंदुकांची छोटी तिजोरी होती तिचा आकडा होता ०-०-०. कारखान्यातून येतो तोच.

२००५ च्या कायद्याने देशभरात नियम आहे की परवानाधारक दुकानदाराने पिस्तूल विकताना सोबत कुलूप किंवा तसलं साधन द्यायलाच पाहिजे. ते लावायलाच पाहिजे असं मात्र तो नियम म्हणत नाही. मिशिगनमध्ये त्या वेळी बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती करणारा कायदाच नव्हता, म्हणून सरकारी वकिलांनी थेट मनुष्यवधाचा आरोप लावला. २०२४ मध्ये आई आणि बाप दोघेही वेगवेगळ्या खटल्यांत दोषी ठरले, दोघांना १० ते १५ वर्षांची शिक्षा. मुलाने केलेल्या शाळेतल्या सामूहिक हत्येसाठी आईबाप मनुष्यवधाचे दोषी ठरण्याची अमेरिकेतली ती पहिलीच वेळ.

आता इथे १३ फेब्रुवारी २०२४ पासून कायदा आहे. घरात मूल असेल किंवा येण्याची शक्यता असेल तर हाताशी नसलेली बंदूक रिकामी करून कुलूप लावलेली, नाहीतर कुलूपबंद पेटीत. मुलाच्या हाती लागून कोणी मेलं तर १५ वर्षांपर्यंत. 'येण्याची शक्यता' हे शब्द महत्त्वाचे. तुमच्या लेकासारखा पाहुणा त्यात येतो.

श्टुटगार्टकर
इथून अर्ध्या तासावर विनेंडन आहे. ११ मार्च २००९. सतरा वर्षांच्या मुलाने १५ जणांना मारलं. बाप नेमबाजी क्लबचा सभासद, घरात भक्कम तिजोरी, पंधराएक शस्त्रं तिच्यात व्यवस्थित. एकच पिस्तूल बेडरूममध्ये बाहेर राहिलेलं. तेच मुलाने नेलं. बाप पुढे निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल दोषी ठरला, शिक्षा स्थगित.

त्याच वर्षी जर्मनीने कायदा कडक केला. आता अधिकारी काही संशय नसतानाही येऊन तिजोरी बघायला मागू शकतो. माझा शेजारी नेमबाज आहे, त्याच्याकडे असा अधिकारी आला होता. त्याने दार उघडलं, तिजोरी दाखवली, कॉफी विचारली. पक्या, तुमचा मुद्दा समजतो, पण त्याला त्यात अपमान वाटला नाही. त्याला तर बरं वाटलं की क्लबातल्या बाकीच्यांकडेही असं कोणी जातंय.

पक्या_ह्यूस्टन
जर्मनी वेगळी, टेक्सास वेगळं. २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा हेलर निकाल वाचा. वॉशिंग्टन शहराने घरातली बंदूक सुटी करून किंवा ट्रिगरला कुलूप लावूनच ठेवा असं म्हटलं होतं, ते न्यायालयाने रद्द केलं. स्वसंरक्षणाला हाताशी येणार नसेल तर बंदूक बाळगण्याच्या हक्काला अर्थ काय, असं.

काळाकोट
पक्या, निकाल बरोबर सांगितलात, पण त्याच निकालात पुढे हेही लिहिलंय की अपघात टाळण्यासाठी बंदुका कशा ठेवाव्यात याचे नियम या विवेचनामुळे अवैध ठरत नाहीत. वॉशिंग्टनचा नियम चोवीस तास, प्रत्येक घराला, मूल असो नसो, असा होता. मूल असलेल्या घरात, बंदूक अंगावर नसताना कुलूप लावा, ही गोष्ट निराळी. बोटाच्या ठशाने दोन सेकंदांत उघडणाऱ्या पेट्या आता मिळतात, रात्री दोनच्या प्रश्नाला ते पुष्कळसं उत्तर आहे.

मी पुण्यात वकिली करतो, भारताचंही थोडं लिहितो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम. परवान्याला किमान वय २१. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी अर्जदाराने द्यायची असते, आणि परवान्याची अट मोडणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं, आणि लग्नावरातीत हवेत गोळी झाडून कोणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण फ्लोरिडा-मिशिगनसारखं 'मुलाच्या हाती लागेल असं ठेवलं' एवढ्यावरच उभं राहणारं स्वतंत्र कलम आपल्याकडे नाही. मूल मेलं की मग निष्काळजीपणाने मृत्यू, भारतीय न्याय संहितेचं १०६, पाच वर्षांपर्यंत. म्हणजे रानजाई म्हणतात तसंच, कायदा मागाहून. परवाना देताना चौकशी होते. नंतर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करायची, तेवढीच तिची सरकारशी गाठ. कपाटापर्यंत कोणी येत नाही.

आंबोलीकर
दोन दिवस धागा वाचतोय. अमेरिकेचं वाटून वाचत होतो, पण वकीलसाहेबांचा प्रतिसाद वाचल्यावर गप्प बसवेना.

आमच्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक खूप घरांत आहे. रानडुकरं एका रात्रीत भाताची अख्खी कुणगी लोळवतात. माकडं नारळ ठेवत नाहीत. माझ्या आजोबांची ठासणीची होती. नळीत दारू ओतायची, वर काथ्या, गजाने ठासायची, मग छर्रे, पुन्हा काथ्या, पुन्हा गज. मागे कानावर केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, चढवायची की तयार.

तुम्ही सगळे 'बंदूक रिकामी ठेवा' म्हणताय. ठासणीची बंदूक एकदा ठासली की सहज रिकामी होत नाही, बार काढायचा तर झाडूनच काढावा लागतो, नाहीतर खटपट करून. म्हणून डुक्कर दिसलं नाही आणि आजोबा माळरानावरून तसेच परत आले की ती भरलेलीच ओटीच्या कोपऱ्यात उभी राहायची. पावसात आठवडाभरसुद्धा. आजोबा एक करायचे, घरात पाऊल टाकण्याआधी केप काढून कमरेच्या चंचीत ठेवायचे. पानसुपारीबरोबर. चंची रात्री उशाखाली. केप काढली म्हणजे धोका संपला असं नाही, हे मला आता कळतं. तेव्हा आम्ही सहा पोरं त्या ओटीवर लपाछपी खेळायचो, आणि लपायची सगळ्यात चांगली जागा तोच कोपरा.

आता काकांकडे काडतुशी, बारा बोअर आहे. काल हा धागा वाचून आईला फोन केला. म्हटलं, बंदूक कुठे असते गं? म्हणाली, "बंदूक माळ्यार आसा. काडतुसां देवाच्या कपाटात." किल्ली? "चावी थयच खिळ्याक लावलेली आसा, खंय हरवाक नको म्हणान."

मे महिन्यात आमच्या घरी चौदा मुलं जमतात.

हार्टफर्डची_मावशी
तोच डबा.

बालरोग_बाई
आंबोलीकर, काकांना आजच सांगा. चुलत भावाला सांगा. किल्ली एकाच माणसाच्या अंगावर, आजोबांच्या चंचीसारखी.

पक्या_ह्यूस्टन
रात्रीचे साडेबारा झालेत. मी आत्ता तिजोरीचा आकडा बदलून आलो. आधीचा मुलीची जन्मतारीख होता. सहा आकडी. तिला तिची जन्मतारीख पाठ आहे हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आज ०-०-० वाचताना आलं. मी स्वतःला काळजी घेणारा समजत होतो.

कायद्याबद्दलचं माझं मत अजून आहे तिथेच आहे, काळाकोटांशी नंतर सविस्तर बोलेन. पण रानजाई, तुम्ही त्या बाईंना जरूर विचारा. मला कोणी आजवर विचारलेलं नाही. आठ वर्षांत मुलीच्या मैत्रिणी दर आठवड्याला येतात, रात्री राहतात, एका आईने विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मला राग आला नसता. फोनवर विचारायला जड जात असेल तर मेसेज करा, समोरच्याला उत्तराला वेळ मिळतो.

नेहमीची_वाचक
मी वर जे 'आपल्या घरी नसतं' लिहिलं ते मागे घेते. पक्या, क्षमस्व.

रानजाई
विचारलं.

बालरोग_बाईंनी सांगितलं तसं एकाच दमात लिहिलं. लेकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, ते आधी लिहिलं. मग पोहता येत नाही, तुमच्या तळ्याला कुंपण आहे ना. मग, घरात बंदूक असेल तर ती कुलपात असते का, आणि किल्ली मुलांना माहीत नसलेल्या जागी असते का. मेसेज पाठवला आणि फोन उपडा ठेवून कणीक मळायला घेतली.

वीस मिनिटं काही आलं नाही. मग तिचा फोनच आला. रडत होती. तिला वाटत होतं नवऱ्याने कधीच पेटी घेतली. त्याला वाटत होतं मुलाला शूबॉक्स माहीत नाही. माझ्या लेकाने काय पाहिलं ते मी सांगितलं. तिने तिथूनच नवऱ्याला हाक मारली, पुढचं मला ऐकू आलं नाही, तिने नंतर करते म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी दोघं दारात आले. तो म्हणाला, पेटी उद्या येतेय, तोवर बंदूक भावाकडे नेऊन ठेवली आहे. या शनिवारी मुलं आमच्याकडे खेळतील असं ठरलं, त्यापुढचं त्यांच्याकडे. लेकाला मी एवढंच सांगितलं की तू सांगितलंस ते फार बरं केलंस, असंच सांगत जा.

आंबोलीकर, काकांचं काय झालं?

आंबोलीकर
काका आधी चिडले. "पन्नास वर्सां काय झाला नाय." मग मी त्या गिलफर्डच्या डब्याचं मालवणीत सांगितलं. गप्प झाले. नंतर विचारलं, मुलगा किती वर्षांचा होता. पंधरा म्हटलं. त्यांचा नातू पंधराचा आहे.

आज सकाळी आईचा फोन आला. खिळ्यावर चावी नाही, काका सावंतवाडीला लोखंडी पेटी बघायला गेलेत, आणि काडतुसं देवाच्या कपाटातून काढली म्हणून ती खूश आहे, तिला तिथे कधीच नको होती.